चौसष्टचं कार्ड, आठचा जीव

नवरदेव घोड्यावर बसला तिथपासून बँजोवाल्यांनी "आता शेवटचं" म्हणून आणखी तीन गाणी वाजवली तिथपर्यंत सगळं शूटिंग आहे. त्याच्या पुढचं काही नाही. मंगलाष्टका नाहीत, कन्यादान नाही, पाठवणी नाही. फाइली आहेत, ओळीनं नंबर आहेत, प्रत्येकीचा आकारही बरोबर दिसतो. उघडत एकही नाही.

मी कराडच्या बाजूला लग्नाची शूटिंग करतो. शिकलो कॅसेटच्या कॅमेऱ्यावर. २००८ साली निकॉनचा डी-९० आला, व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर तो. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, भिंग बदलता येणारा कॅमेरा. त्याच वर्षी कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि पुढच्या काही वर्षांत गिऱ्हाइकं "मागचं धूसर पाहिजे, पिक्चरसारखं" म्हणायला लागली. हँडीकॅमवर तसं होत नाही. आता मोठे फोटोग्राफर बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर गेलेत आणि त्यांचे जुने डीएसएलआर स्वस्तात बाजारात आलेत. आमच्यासारख्यांची चांदीच. मीही २०२१च्या दिवाळीनंतर, तुळशीची लग्नं लागायच्या आत, कॅननचा सातशे-डी घ्यायला मुंबईला फोर्टात गेलो.

दुकानाचं नाव लिहीत नाही. गल्लीतलं, वरच्या मजल्यावरचं, एका खोलीचं.

मी तयारीनं गेलो होतो. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघितली. कॅप लावून काळा फोटो काढून पांढरे ठिपके मोजले. माइकचं भोक तपासलं. दुकानदारानं लॅपटॉपला जोडून शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, दाखवला, २,९०० काहीतरी. "नवाच आहे शेठ, मालकानं हातच लावला नाही." मी खूश. पुढं एका जुन्या मेकॅनिकनं सांगितलं ते तेव्हा डोक्यात यायला हवं होतं. व्हिडिओ घेताना आरसा वर आणि शटर उघडं राहतं. अर्ध्या तासाचं शूटिंग केलं तरी काउंट वाढतो एखाद-दुसऱ्यानं. लग्नाला जुंपलेल्या कॅमेऱ्याचा काउंट कमी दिसतो तो याच्यामुळं. त्यातून हात लावला की नाही ते काही कळत नाही.

पण खरी मेख कॅमेऱ्यात नव्हतीच. कॅमेऱ्यावर आमची पाऊण तास घासाघीस झाली आणि तो एक रुपया खाली येईना. मग एकदम मोठ्या मनानं म्हणाला, "तुम्ही लांबून आलाय. वरचं सगळं सामान माझ्याकडून." आणि टेबलावर मांडत गेला. खांद्यावरचा रिग, दोन बॅटऱ्या, गन माइक, उजेड कमी करणारा व्हेरिएबल एनडी फिल्टर, आणि चौसष्ट जीबीची दोन मेमरी कार्डं, नावाजलेल्या कंपनीच्या वेष्टनात. एकूण ३१,०००. बिल मागितलं तर "बिलावर अठरा टक्के जीएसटी लागेल, बघा बुवा." पाच हजार वाचत होते. एका एस्टिमेटच्या कागदावर "१ कॅमेरा सेट" एवढं लिहून दिलं. निम्मे रोख, निम्मे यूपीआयनं, ते पण दुकानाच्या नाही, कुणा बाईच्या नावावर. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होतो, बरं का.

घरी आल्यावर एकेक उलगडायला लागलं. आधी एनडी. आपल्याकडं सेकंदाला २५ फ्रेम घेतात आणि शटर ठेवतात एक-पन्नासांशावर. त्यानं हालचाल डोळ्याला गोड दिसते आणि ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटमध्ये चित्र लुकलुकत नाही. पण भर दुपारी मांडवाबाहेर एवढ्या शटरवर अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेडाचं भोक, उघडं ठेवलं तर चित्र पांढरंफटक होतं, म्हणून भिंगापुढं काळी काच लागते. व्हेरिएबल म्हणजे पोलरायझरच्या दोन काचा एकमेकींवर फिरतात. माझी अर्ध्याच्या पुढं फिरवली की चित्रावर काळी फुली उमटायची. चांगलीलाही अगदी टोकाला उमटते, पण ही आधीच. मी म्हटलं, फुकटची आहे, जाऊ दे.

मग बॅटरी. या कॅमेऱ्याच्या मूळ बॅटरीवर १,१२० एमएएच लिहिलेलं असतं. माझ्यावाल्यांवर २,४००. त्याच मापाच्या डबीत दुपटीहून जास्त वीज कुठून मावणार? चाळीस मिनिटांत मान टाकायच्या. तेही मी गिळलं. जी वस्तू फुकट मिळाली तिच्याबद्दल तक्रार करायची आपल्याला लाज वाटते, आणि दुकानदाराला ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

कार्डांवर मात्र शंका आली नाही, कारण ती मी तपासली होती. दुकानात त्यानं अर्ध्या मिनिटाची क्लिप घेऊन चालवून दाखवली. घरी मी पोरांना अंगणात पळवून दहा-दहा मिनिटं शूट केलं, टीव्हीवर लावलं, काचेसारखं दिसलं. मग कार्ड फॉरमॅट करायचं, पुन्हा दहा मिनिटं. असं आठवडाभर. इथंच मी फसलो. सातशे-डीवर फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण ३३० एमबी खातो, म्हणजे दहा मिनिटं म्हणजे सव्वातीन जीबी. दर वेळी फॉरमॅट केल्यामुळं मी कार्डाच्या पहिल्या चार जीबीतच घुटमळत राहिलो. पुढं काय आहे ते कधी बघितलंच नाही.

लग्न आमच्याच ओळखीतलं. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. हळद मी माझ्या जुन्या १६ जीबीच्या कार्डावर घेतली आणि मुख्य लग्नासाठी नवं चौसष्टचं घातलं, ऐन अक्षतांच्या वेळी कार्ड बदलायची वेळ नको म्हणून. मुलीचे वडील, अण्णा, मांडवाच्या दारात हात धरून म्हणाले, "कन्यादानाचं तेवढं नीट घ्या. बाकी मागंपुढं झालं तरी चालंल."

वरात बावीस-तेवीस मिनिटांची झाली. गणित तुमच्या ध्यानात आलं असेल.

कॅमेऱ्यानं सांगायचा प्रयत्न केला होता. कार्ड लिहायला कमी पडलं की कॅननच्या स्क्रीनवर उजव्या बाजूला पाच खणांची उभी पट्टी येते आणि खण भरत जातात. सगळे भरले की शूटिंग आपोआप थांबतं. मंगलाष्टका चालू असताना ती पट्टी दोनदा भरली, दोनदा कॅमेरा थांबला. मला वाटलं उन्हानं तापलाय. टॉवेल टाकला आणि परत बटण दाबलं. शिल्लक वेळ विचारावा तर स्क्रीन २९:५९ दाखवत होती, कारण या कॅमेऱ्यात एका दमात त्याहून जास्त घेताच येत नाही. जागा किती उरली ते कार्ड सांगेल तेच कॅमेरा मानतो.

रात्री कॉम्प्युटरला लावलं. वरात आली. पुढच्या क्लिपला प्लेयर नुसता गोल फिरत राहिला. त्याच्या पुढचीला तेच. मी कार्ड काढून शर्टाला पुसलं, परत लावलं. बायको जेवायला वाढून थांबली होती.

आत काय झालं असणार ते एका उदाहरणानं सांगतो. आठ पोत्यांचं कोठार आहे आणि दारावर पाटी चौसष्टची. आतला मुकादम येईल त्या पोत्याची वहीत नोंद करतो, पावती देतो आणि नववं पोतं मागच्या दारानं ओढ्यात टाकतो. वही दाराजवळ असते, म्हणून नोंदी शाबूत राहतात. कार्डातल्या चिपला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. काही कार्डं ओढ्यात टाकण्याऐवजी नवं पोतं जुन्याच्या जागी ठेवतात, म्हणजे सुरुवातीचंही जातं. माझी वरात वाचली हे नशीबच म्हणायचं, असल्या नशिबाचं काय लोणचं घालायचं ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला रिकव्हरीवाल्याकडं पळालो. "येईल, नव्वद टक्के येईल," म्हणून त्यानं साडेतीन हजार आगाऊ घेतले आणि चार दिवसांनी पेन ड्राइव्हवर दिलं काय, तर वरात. जी मला घरीच उघडत होती ती. इथं मी दुसऱ्यांदा फसलो. शेवटी कराडच्याच एका मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं कॉम्प्युटरवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते रिकामं कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतं. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी एफ-थ्री आहे. माझ्या दुसऱ्या, कोऱ्या कार्डावर निकाल आला: चौसष्टमधले सात पूर्णांक चार जीबी खरे. पोरगा म्हणाला, "काका, पुसलेलं परत येतं. लिहिलंच नाही ते कुठून आणू?" पैसे घेतले नाहीत त्यानं.

त्यानंच दोन्ही कार्डं उलटी करून शेजारी ठेवली. पाठीवरचा बारीक नंबर दोन्हींवर एकच, अक्षर न् अक्षर.

फोर्टात परत गेलो. तोच माणूस, तोच चहा. "कार्ड? आम्ही कार्ड दिलंच नाही शेठ. कागदावर दाखवा कुठं लिहिलंय." कागदावर खरंच नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला. बाई नीट बोलल्या, पण पहिला प्रश्न बिलाचाच. अठरा टक्के वाचवल्याची किंमत तिथं कळली. यूपीआयची नोंद आहे, पण ती एका अनोळखी बाईला पैसे पाठवल्याची.

आता कार्ड घेतो ते बिलावर, आणि बिलात त्याचा नंबर लिहून घेतो. घरी आणल्यावर आधी ते सॉफ्टवेअर. चौसष्टला लिहून-वाचून तीनेक तास जातात, रात्री लावून झोपतो. वेष्टनावर व्ही-३० लिहिलंय म्हणून विश्वास ठेवत नाही. व्ही-३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी, पण छापायला शाईच लागते फक्त. अक्षता पडल्या की जेवणाच्या पंक्तीत बसायच्या आत शेवटची क्लिप कॅमेऱ्यातच उघडून बघतो. लोकांना वाटतं हा स्वतःचंच काम बघून खूश होतोय.

अण्णांना सांगायला तीन दिवस लावले. एक गोष्ट हाताशी होती. या कॅमेऱ्याला हेडफोन लावायची सोय नाही, फुकटच्या गन माइकचा भरवसा नव्हता, म्हणून मी माझा जुना छोटा रेकॉर्डर भटजींच्या माइकच्या दांड्याला रबरबँडनं बांधून ठेवला होता. त्यात सगळं आलं होतं. मंगलाष्टका, संकल्प, मुलीचं नाव घेताना अडखळलेले अण्णा, पाठवणीला तिच्या आईचा हुंदका. मित्रानं काढलेले फोटो त्या आवाजावर ओळीनं बसवले, पैसे परत केले आणि पेन ड्राइव्ह घेऊन गेलो.

सगळं घर टीव्हीपुढं बसलं. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते ऐकत राहिले. पार शेवटी कोपऱ्यातून आजी म्हणाली, "आवाज येतुया की सगळा. मग माणसं हलत का न्हाईत रं?"