अकिलिसच्या ऑपरेशननंतर: पक्कं प्लास्टर की वॉकर बूट?

अकिलिस म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा टेंडन, दोरीसारखा. तो तुटल्यावर शिवला की पाय पक्क्या प्लास्टरमध्ये ठेवायचा की काढता-घालता येणाऱ्या वॉकर बुटात? टाके निघेपर्यंतच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत निवडीचा प्रश्न सहसा येत नाही. पाऊल खाली झुकवून कच्चं प्लास्टर घालतात. खरा प्रश्न पुढच्या सहा-एक आठवड्यांचा.

पक्कं प्लास्टर दोन-तीन आठवड्यांनी कापायचं, पाऊल थोडं वर आणायचं आणि पुन्हा घालायचं. त्यात पेशंटच्या हातात काही उरत नाही, आणि काहींच्या बाबतीत तेच बरं. बुटात टाचेखाली साधारण तीन वेज, म्हणजे टाच उंच ठेवणाऱ्या पाचरी असतात, जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचे. सर्जन सांगतील तसा एकेक काढायचा. कुबड्या घेऊन पायावर भार लवकर देता येतो, पाऊल खाली दाबायचे व्यायामही लवकर सुरू होतात.

बुटाचा त्रास दुसऱ्या पायाला. तळ जाड, त्यामुळे ती बाजू दोन-तीन सेंटिमीटर उंच होते. आपल्याकडे घरात अनवाणी वावरायची सवय, मग आठवड्याभरात कंबर धरते. दुसऱ्या पायात जाड तळाची चप्पल घरातसुद्धा हवी. धोका मात्र न्हाणीघरात. बूट काढून ओल्या फरशीवर उभं राहिलं, पाय सरकला, की शिवलेला टेंडन ताणला जातो. तो लांबला तर पोटरीचा जोर परत येत नाही, एका पायावर टाच उचलणं कायमचं अवघड होतं. स्टुलावर बसूनच आंघोळ करावी, आणि बूट चढवल्याशिवाय उठू नये.

एवढं असूनही माझं माप बुटाकडे झुकतं, ते जखमेमुळे. टाचेमागची कातडी पातळ, खाली मांस नाही. या ऑपरेशनात जखमच जास्त कुरकुर करते. त्यात गोव्यातला जुलै. फायबरचं प्लास्टर पाण्याने विरघळत नाही हे खरं, पण आतला कापूस घामाने भिजला की दमटच राहतो. कातडी पांढरी पडून फुगते, टाक्यांची कड उसवते, आणि वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. मधुमेह असेल तर विचारूच नका. बुटात रोज जखम बघता येते, मोजा बदलता येतो. पोटरी दुखून सुजली तर तेही दिसतं. रक्ताच्या गुठळीची शंका लांबवायची नसते.

सोनोग्राफीचंही तेच. बूट काढला, पालथं झोपवलं, प्रोब फिरवत पाऊल हलवलं की टेंडनची टोकं जुळलेली आहेत का ते कळतं. प्लास्टर आधी कापावं लागतं. एमआरआय प्लास्टरमधून होतो, पण पाऊल हलताना काय होतं ते तो दाखवत नाही. रिपोर्टात टेंडन जाड दिसला म्हणून घाबरू नये. शिवलेला टेंडन कित्येक महिने जाडच दिसतो.

ऑपरेशन जानेवारीत, जखम कोरडी, आणि पेशंट मैदानावर जायला उतावीळ झालेला फुटबॉलवाला, तर टाके निघाल्यावरचे पहिले तीन आठवडे पक्कं प्लास्टर घालायला माझी हरकत नसेल. पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या मागे बसणं मात्र दोन्हीत बंद: उतरताना भार नेमका चवड्यावर येतो.