साठच्या दशकातलं सोन्याचं ओमेगा कॉन्स्टेलेशन: रोज वापरल्यावर

आधी पैशांचंच बोलू, कारण सगळे तेच विचारतात. हे घड्याळ सोन्याच्या वजनासाठी घेऊ नका. ओळखीच्या सोनाराने केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, उलटसुलट करून निकाल दिला, "मशीन आणि काच वजा करा. उरलेलं १८ कॅरेट, म्हणजे पाऊणच सोनं. मोडीत काय येणार?" त्याच्या हिशेबाने बरोबरच आहे. मी त्याहून बरेच जास्त मोजले, ते तबकडीसाठी.

कॉन्स्टेलेशन १९५२ साली बाजारात आलं. माझं मॉडेल १६७.००५, बिनतारखेचं. या तबकडीला 'पाय-पॅन' म्हणतात. मधला भाग सपाट, कडेला बारा पैलू पाडून खाली उतरवलेला. फोटोत यातलं काही कळत नाही. खिडकीपाशी मनगट फिरवलं की एक पैलू उजळतो, शेजारचा काळवंडतो. मीटिंगमध्ये माझं लक्ष नसतं ते यामुळे.

मुंबईत जुन्या तबकड्या नव्याने रंगवून विकायचा धंदा जोरात आहे. एका दुकानात मला अशीच चकचकीत तबकडी 'ओरिजिनल' म्हणून दाखवली. भिंगाखाली मिनिटांच्या रेघा वाकड्यातिकड्या, आणि सहाच्या खाली 'स्विस मेड'चा पत्ताच नाही. माझ्या तबकडीवर तीनच्या बाजूला तपकिरी डाग आहे. घड्याळजी काढून देतो म्हणाला, मी हातच लावू दिला नाही. केसचंही तेच. सोनं मऊ, दर पॉलिशला थोडं झिजतंच, आणि पट्टा जोडतात तिथल्या कडा गोल होऊन बसतात. कडा धारदार असतील तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मागचं झाकण उघडायला लावून ठसाही बघा. त्या काळच्या १८ कॅरेटच्या स्विस केसवर हेल्व्हेशियाचा, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा, चेहरा असतो, १४ कॅरेटवर खार.

आत कॅलिबर ५५१ हे मशीन आहे, ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने चावी भरणारं), २४ ज्युवेल्सचं (झीज रोखणाऱ्या खड्यांचं), तांबूस मुलाम्याचं. सर्व्हिसिंगनंतर दिवसाला पाच-सहा सेकंद पुढे जातं. शनिवारी रात्री काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालू असतं. चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदाबरहुकूम वेळ लावायचा नाद सोडला.

पावसाळ्यात मात्र कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. इतक्या जुन्या केसवर पाण्याच्या बाबतीत विसंबू नये. काच प्लास्टिकची, ओरखडे पटापट पडतात आणि पॉलिशच्या पेस्टने तितक्याच पटकन जातात. मूळची दहा पैलूंची चावी हरवलेला नग घेऊ नका, शोधताना दमछाक होते.

आकार आजच्या मानाने लहान. आणि १८ कॅरेटचा रंग आपल्या २२ कॅरेटच्या डोळ्यांना फिकट वाटतो, त्यामुळे "बेन्टेक्सचं का?" हे लग्नाकार्यात हमखास ऐकावं लागतं. लोकलच्या गर्दीत ते पथ्यावरच पडतं.