आर मधला फॉर्म्युला: मस्तच, पण वेट्स जपून
फंक्शनला समीकरणच आर्ग्युमेंट म्हणून द्यायची सोय ही मला आर या स्टॅटिस्टिक्ससाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. वजन ~ गट (म्हणजे गटानुसार वजन कसं बदलतं) एवढं लिहायचं आणि एलएमला (रेषीय मॉडेल बसवणारं फंक्शन) द्या, बॉक्सप्लॉटला द्या, गट दोनच असतील तर टी टेस्टलाही द्या, प्रत्येक जण आपापलं काम बरोबर करतो. ही लिहायची पद्धत मुळात विल्किन्सन आणि रॉजर्स यांची, १९७३ ची, आणि अजून तिला तोड नाही.

खटकतं ते सांगतो. फॉर्म्युलात उंचीचा वर्ग म्हणून उंची^२ लिहिलं तर एरर येत नाही, मुकाट नुसती उंचीच धरली जाते, त्यामुळे ते आय() म्हणजे I() मधे गुंडाळायचंच. आणि स्वतःचं फंक्शन लिहायला घेतलं की खरी डोकेदुखी, कारण फॉर्म्युला जिथे तयार झाला तिथलं एन्व्हायर्नमेंट (व्हेरिएबल्स शोधायची जागा) सोबत घेऊन फिरतो, मग बाहेरून आलेला फॉर्म्युला आणि आपल्या फंक्शनच्या आत बनवलेले वेट्स (कुठल्या नोंदीला किती महत्त्व ते आकडे) एलएमला दिले की ऑब्जेक्ट सापडत नाही म्हणून ओरडतो. वेट्स सरळ डेटाफ्रेममधे (डेटाच्या टेबलमधे) कॉलम म्हणून टाका, सुटतं. कॉलमची नावं स्ट्रिंगमधे असतील तर पेस्ट करत बसू नका, नावांवरून फॉर्म्युला बनवून देणारं रिफॉर्म्युलेट फंक्शन वापरा, फार सुटसुटीत आहे. माझ्याकडून साडेचार स्टार.