पोर्टफोलिओ कशात बांधायचा: फाईल, पीडीएफ की वेबसाइट?

जळगाव एमआयडीसीतल्या पाइप किंवा चटईच्या कारखान्यात अर्ज करायचाय, की पुण्या-नाशिकच्या कंपनीत? आधी हे ठरवा. पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या कामांच्या नमुन्यांचा संच, कोण उघडणार आणि कुठे, त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

कागदी फाईल. समोर वर्क्स मॅनेजर बसलेला असेल तर हिला तोड नाही. वीस पाकिटांची ए-४ फाईल पुरते. फिटर-टर्नरने जॉबच्या (बनवलेल्या भागाच्या) फोटोत शेजारी स्टीलपट्टी किंवा व्हर्नियर ठेवावा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. वेल्डिंगचा फोटो ग्राइंडिंगच्या आधीचा हवा. घासून गुळगुळीत केलेल्या सांध्यावरून हात कसा आहे ते कळत नाही. बहुतेक फायली फसतात त्या क्रमामुळे: पुढे मार्कशीट, दाखले, स्पर्धांची प्रमाणपत्रं, आणि काम पार मागे. काम पुढे घ्या. मूळ कागदपत्रं फाईलीत लावूच नका, झेरॉक्स लावा.

पीडीएफ. गावाबाहेर अर्ज करणाऱ्याने सुरुवात इथून करावी. चार-पाच कामं, आठ-दहा पानं, आकार 5 एमबीच्या आत. जीमेलची मर्यादा 25 एमबी. त्यापुढे फाईल ड्राइव्हची लिंक होऊन जाते आणि परवानगी दिली नसेल तर एचआरला ती उघडतच नाही. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. पानांचे फोटो पाठवले तर ते दाबले जातात, ड्रॉइंगवरची मापं वाचता येत नाहीत. ऑटोकॅडवाल्यांनी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाईल) न पाठवता प्लॉट करून पीडीएफ द्यावी. समोरच्याकडे ऑटोकॅड असेलच असं नाही.

प्रत्येक कामाखाली चार ओळी: काम काय होतं, अडलं कुठे, तुम्ही काय केलं, फरक काय पडला. डिप्लोमाचा प्रोजेक्ट चौघांचा असेल तर तुमचा वाटा वेगळा लिहा, मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो. आधीच्या कंपनीचं ड्रॉइंग मात्र परवानगीशिवाय लावू नका. गिऱ्हाइकाचं नाव खोडलं तरी डिझाइन त्यांचंच राहतं, आणि नवा मालक मनात म्हणतो, हा उद्या आमचंही बाहेर दाखवेल.

वेबसाइट. कोड लिहिणारे आणि ग्राफिक डिझाइनवाले सोडले तर बाकीच्यांनी सध्या यात पडू नये. कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या ‘पेजेस’वर साधी साइट फुकट होते, डिझाइनची कामं मांडायला बिहान्स ही साइट आहे. अर्धवट वीस प्रोजेक्टांपेक्षा चालणारे तीन ठेवा, प्रत्येकाला रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाईल) जोडा. लिंक पाठवण्याआधी ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोमध्ये (तिथे आपलं लॉगिन नसतं) उघडून पाहा; एरवी आपण लॉगिन असतो, म्हणून आपल्याला सगळं नीटच दिसतं.