क्योतो की कानाझावा? रात्री मोजून ठरवा

तोक्योचे दिवस ठरतात, परतीचं विमान ओसाकाहून मिळतं आणि मधल्या रात्रींवर घरात चर्चा रंगते. जपानला जाऊन क्योतो पाहिलं नाही असं कसं सांगणार, ही धास्ती प्रत्येकाला असते. मी क्योतो आणि कानाझावा या दोन्ही शहरांत राहिले आहे आणि आता विचारणाऱ्याला आधी एकच प्रश्न करते: रात्री किती? दोनच असतील तर कानाझावा. चार असतील तर क्योतो, डोळे मिटून. घरात कोणी काटेकोर शाकाहारी असेल तर मात्र हे गणित बदलतं.

क्योतो ७९४ पासून हजारभर वर्षं राजधानी होतं. क्योतो, उजी आणि ओत्सू मिळून इथली १७ स्थळं जागतिक वारसा यादीत आहेत. पण ती शहरभर विखुरलेली. किंकाकुजी हे सोनेरी देऊळ वायव्येला, फुशिमी इनारीचं देऊळ दक्षिणेला, आराशियामाचा परिसर पश्चिमेच्या टोकाला. दोन दिवसांत सगळं उरकायला गेलात तर लक्षात राहतात त्या खच्चून भरलेल्या बस. गिऑन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या काही खासगी गल्ल्या तर २०२४ पासून पर्यटकांना बंद आहेत. माइकोंच्या, म्हणजे शिकाऊ गेइशांच्या, मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे ही वेळ आली. आत शिरलात तर १०,००० येन दंड.

तरीही क्योतोत एक देऊळ असं आहे की त्यासाठी मी पुन्हा जाईन. सांजूसांगेंदो. सुमारे १२० मीटर लांब लाकडी सभागृह, १२६६ मधलं, आणि आत कान्नोनच्या १,००१ मूर्ती. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर पाहिला असेल, तर या प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावरची लहान लहान मुखं बघून पाय थबकतात. पुढच्या रांगेत २८ रक्षक देवता उभ्या आहेत. त्यांत ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, बोन्तेन म्हणजे ब्रह्मा, आणि चोचीशी बासरी धरलेला कारुरा म्हणजे गरुड. आपले देव चीनमार्गे इतक्या दूर जाऊन तिथलेच होऊन गेलेत. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. इथे तासभर तरी ठेवा. फुशिमी इनारीला मात्र पहाटे जा. ते कधीच बंद नसतं, तिकीटही नाही, आणि सकाळी सहाला त्या केशरी तोरींखालून, म्हणजे देवळाच्या कमानींखालून, जवळजवळ एकटंच चालता येतं.

कानाझावाची गोष्ट वेगळी. इथे सम्राट नव्हते, माएदा सरदार होते. त्यांच्या कागा संस्थानाचं उत्पन्न दहा लाख कोकू तांदळाचं. एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाचं वर्षभराचं धान्य. देशावर सत्ता असलेल्या तोकुगाव शोगुनांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी हा पैसा फौजेऐवजी चहा, नो नाट्य आणि कारागिरीवर ओतला, असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडले नाहीत, त्यामुळे सामुराईंच्या मातीच्या भिंतींची नागामाची वस्ती आणि १८२० मध्ये वसलेला हिगाशी चाया हा चहाघरांचा भाग अजून उभा आहे. केनरोकुएन बाग, किल्ला, २००४ मध्ये उघडलेलं वर्तुळाकार समकालीन कला संग्रहालय आणि झेन विचारवंत डी. टी. सुझुकी यांचं शांत संग्रहालय, हे सगळं एकमेकांपासून पायी.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलं, ती आणि केनरोकुएन जपानच्या तीन थोर बागांपैकी दोन. केनरोकु म्हणजे सहा गुण एकत्र असलेली. विस्तार आला की एकांत जातो, माणसाची कारागिरी दिसली की जुनेपण हरवतं, पाणी भरपूर असलं की दूरचा देखावा मिळत नाही. ही बाग सहाही सांभाळते, असा त्या नावाचा अर्थ. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर १ नोव्हेंबरपासून माळी पाइनच्या फांद्यांना वरून दोर बांधायला लागतात, बर्फाच्या भाराने त्या मोडू नयेत म्हणून. मला तर बर्फापेक्षा ही तयारीच जास्त आवडली. पाऊस मात्र धरून चाला. ‘डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस’ अशी इथली म्हणच आहे.

आता जेवण. मासे खाणाऱ्यांनी, विशेषतः कोकणगोव्याकडच्यांनी, कानाझावाचा ओमिचो बाजार चुकवू नये. गोडसर अमाएबी कोळंबी असते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर खेकड्यांचा हंगाम सुरू होतो. शाकाहाऱ्यांची मात्र इथे अडचण होते. भाजी समोर आली तरी ती शिजलेली असते दाशीत, आणि दाशीत बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. क्योतोत यावर जुनं उत्तर आहे, शोजिन र्‍योरी, म्हणजे देवळातलं जेवण. त्यात मासे-मांस नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. दाशी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाची आणि शिताके मशरूमची. तेनर्‍यूजी देवळाच्या आवारात ते मिळतं. कांदा-लसूण न खाणारी आजी बरोबर असेल तर दोन रात्रींतही मी क्योतोच निवडेन.

कला पाहायची असेल तर क्योतोत ती पूर्ण होऊन समोर येते. कानाझावात ती घडताना दिसते. जपानचा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख या एका शहरात बनतो. जाडी मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग. जुन्या पद्धतीत वर्ख ज्या कागदात ठेवून कुटतात, तो पेंढ्याच्या राखेचं पाणी, पर्सिमन फळाचा रस आणि अंडं यांत मुरवलेला असतो. छोट्या कार्यशाळांत तुम्हाला डबीवर किंवा चॉपस्टिकवर वर्ख लावायला देतात. श्वास जोरात सोडला तरी तो उडतो.

प्रवास दोन्हीकडे सारखाच: तोक्योहून शिनकानसेन या बुलेट ट्रेनने क्योतो सव्वादोन तास, कानाझावा अडीच. दोन्ही शहरांमधल्या प्रवासात मार्च २०२४ पासून त्सुरुगा स्टेशनला गाडी बदलावी लागते. तोक्योहून कानाझावामार्गे ओसाकाला उतरायचं असेल तर होकुरिकु आर्च पास या रेल्वे पासची किंमत सुट्या तिकिटांशी ताडून बघा. एप्रिलअखेर ते ५ मे हा जपानी लोकांच्या सुट्ट्यांचा आठवडा टाळा.

आणि पाच-सहा रात्री जमत असतील तर आधी कानाझावा, मग क्योतो. किंकाकुजीवर कानाझावाचाच वर्ख आहे. आदल्या दिवशी तो तुमच्या बोटाला चिकटलेला असेल, तर तळ्यापलीकडचं ते सोनेरी देऊळ पाहताना गर्दीतही तुम्ही जरा जास्त वेळ थांबाल.