दोन उन्हाळे, समृद्धी आणि पंधरा अँपियरचा प्लग

नागपुरात इलेक्ट्रिक गाडी घेतेय म्हटल्यावर जवळपास प्रत्येकाने एकच विचारलं, "अन् मे महिन्यात काय करशील?" रेंज (एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते), किंमत, चार्जर हे प्रश्न नंतर. आता दोन उन्हाळे काढून झालेत, त्यातल्या दोन्ही नवतप्यांत, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, गाडी रोज रस्त्यावर होती. तेव्हा सविस्तर लिहायला हरकत नाही.

गाडीचं नाव देत नाही. साधारण ४५ युनिटची बॅटरी असलेल्या चार-पाच गाड्या सध्या बाजारात आहेत आणि पुढे लिहिलेलं थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडतं. कागदावर रेंज साडेचारशेच्या वर आहे. तो आकडा ज्या चाचणीतून येतो तिचा सरासरी वेग ताशी तिसेक किलोमीटर आणि कमाल वेग ९०. म्हणजे सीताबर्डीतून सदरला जावं, तसं. हायवेवर कोणी तसं चालवत नाही, त्यामुळे शोरूममधला आकडा तिथेच ठेवून घरी यावं.

आधी उन्हाचं. ४५ अंशांत दिवसभर उघड्यावर उभ्या असलेल्या पेट्रोल गाडीत बसणं काय असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. इथे ऑफिसातून निघायच्या दहा मिनिटं आधी फोनवरून एसी सुरू करते. इंजिन नाही, त्यामुळे बंद पार्किंगमध्येही धुराची भीती नाही. स्टीअरिंगला ओला दुपट्टा गुंडाळायचे दिवस संपले. नुसत्या या एका सोयीसाठी मी पुन्हा हीच गाडी घेईन, बाकी हिशेब काहीही येवो.

एसीने रेंज खाल्ली, ही तक्रार मात्र अर्धीच खरी. मे महिन्यात आमच्या गाडीचा एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो. हायवेवर तासाभरात शंभर किलोमीटर जातात आणि त्याला सोळा-सतरा युनिटं लागतात, त्यात हे दीड कुठे दिसतही नाही. गावात तासाभरात जेमतेम वीस किलोमीटर होतात, चालायला अडीच-तीन युनिटं लागतात आणि त्यावर एसीचं दीड. म्हणजे एसी खरा महाग पडतो तो ट्रॅफिकमध्ये. हायवेवर घाम गाळत एसी बंद करणाऱ्यांनी त्याऐवजी वेग दहाने कमी करावा, निदान तेवढंच वाचेल.

ऊन खरं नडतं ते फास्ट चार्जिंगला. दुपारी दोन वाजता दोनशे किलोमीटर पळवून चार्जरला लावलं की बॅटरी आधीच तापलेली असते. गाडीचा पंखा असा घुमायला लागतो की शेजारचा माणूस वळून बघतो. एरवी पन्नास किलोवॉटच्या आसपास घेणारी गाडी तेव्हा पस्तीसवर येते, कधी त्याच्याही खाली. बिघाड नाही हा, बॅटरी स्वतःला जपत असते, पण चाळीस मिनिटांचा थांबा तासाचा होतो. आम्ही उन्हाळ्यात पहाटे पाचला निघतो. विदर्भात उन्हाळ्यात प्रवासाला निघायची वेळ तशीही तीच. पहिलं चार्जिंग नऊच्या आत उरकलं की दिवस सोपा जातो.

आता समृद्धी महामार्ग. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळला. मोटारींना १२० ची मर्यादा आहे, रस्ता सरळ, दुचाकी नाही, ऑटो नाही. पाय आपोआप दाबला जातो, आणि इलेक्ट्रिक गाडीला नेमकं तेच मानवत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १२० म्हणजे वेग सव्वापटीहून थोडा जास्त, पण हवा ढकलायला लागणारं बळ पावणेदोन पटींच्या वर. आमच्या गाडीत चौघं आणि सामान धरून ९० ला तीनशे किलोमीटर निघतात. १२० ला सव्वादोनशेही पुरते निघत नाहीत. शंभरवर क्रूझ लावून दिली की अडीचशेच्या पुढे जाता येतं. आता तोच आमचा वेग आहे, उजवीकडून सुसाट जाणाऱ्यांना जाऊ द्यावं.

दोन गोष्टी कुठल्याच ॲपने मला नीट सांगितल्या नव्हत्या. पहिली उंची. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेएक मीटरवर, छत्रपती संभाजीनगर साडेपाचशेच्या वर. चढ डोळ्यांना जाणवत नाही, पण जाताना सव्वा-दीड युनिट जास्त जातं आणि येताना ते वाचतं. दुसरी गोष्ट वारा. जून-जुलैत वारा पश्चिमेचा, मुंबईकडे जाताना थेट तोंडावर येतो. त्या दिवसांत जाताना आणि येताना रेंजमध्ये एवढा फरक पडतो की नवीन माणसाला वाटावं, गाडीच बदलली.

आमचा चहा-नाश्त्याचा थांबा कारंज्याच्या अलीकडे-पलीकडे आणि मोठा थांबा मेहकरच्या आसपास. तिथून लोणार जवळच आहे, वेळ असेल तर वाकडी वाट करून सरोवर बघून घ्यावं. चार्जरबाबत नियम एकच: वीस टक्क्यांवर चार्जर शोधायला घ्यायचा नाही. चाळीसवर शोधायचा, म्हणजे पहिला बंद निघाला तर दुसऱ्यापर्यंत जाता येतं. ॲपमध्ये हिरवा ठिपका दिसला म्हणून चार्जर चालू आहे असं धरून चालू नये. शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघावं. दोन-तीन दिवस तिथे कोणीच लावलेलं नसेल तर फोन करून विचारावं. पंपावरचा पोऱ्या फोनवर जे सांगतो ते नकाशापेक्षा खरं असतं, असा माझा अनुभव.

६० किलोवॉटच्या चार्जरला दोन गन, म्हणजे गाडीला जोडायच्या दोन केबल असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी दोघांना तीस-तीस मिळतात. एकदा हे कळलं की राग येत नाही. राग येतो तो गनसमोर पेट्रोल गाडी लावून जेवायला गेलेल्यांचा, आणि त्याहून जास्त आपल्यातल्याच त्या लोकांचा जे रांग असताना शंभर टक्के होईपर्यंत गाडी हलवत नाहीत. ऐंशीनंतर वेग इतका पडतो की उरलेल्या वीस टक्क्यांना आधीच्या साठाइतका वेळ जाऊ शकतो. बाबांनो, काढा गाडी.

ॲप्स हे वेगळंच दुखणं. कंपनीगणिक ॲप, ॲपगणिक वॉलेट, आणि प्रत्येक वॉलेटमध्ये दीड-दोनशे रुपये अडकून पडलेले. चार्जर सुरू करायला ओटीपी लागतो, आणि चार्जर नेमका तिथे असतो जिथे मोबाईलला रेंज नसते. मी आणि नवऱ्याने मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्ड ठेवलीत. ज्यांच्याकडे टॅप करायचं कार्ड मिळतं त्यांचं कार्ड घेऊनच टाकावं.

टोलचं थोडक्यात. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. फास्टॅगमध्ये पैसे मात्र ठेवावेत आणि घरी आल्यावर मेसेज तपासावेत.

एवढं सगळं फास्ट चार्जरबद्दल लिहिलं खरं, पण आमच्या प्रवासाचा खरा आधार ते नाहीतच. मुक्कामाच्या जागी पंधरा अँपियरचा एक धड प्लग असणं, ही गोष्ट वाटेतल्या तीन फास्ट चार्जरांना भारी पडते. रात्री नऊला लावलं की सकाळी सातपर्यंत अठ्ठावीस-तीस युनिटं भरतात, म्हणजे ६० टक्क्यांच्या वर. सकाळी निघताना डोक्याला ताप नाही.

आता तो प्लग धड असायला हवा, इथे गोम आहे. माझं सासर दारव्ह्याजवळच्या खेड्यात. पहिल्यांदा गाडी नेली, अंगणात लावली, चार्जर जोडला, लाल दिवा. गिझरच्या प्लगला लावला, लाल दिवा. घरात वीज होती, पंखे-फ्रिज चालू होते, पण आर्थिंग नव्हतं. बोर्डात तिसरी पिन नुसती शोभेला. गाडीचा चार्जर आर्थिंग तपासल्याशिवाय वीज घेत नाही, आणि ते बरोबरच आहे, ओल्या अंगणात उभ्या असलेल्या लोखंडी डब्याचा प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनने परसात खड्डा खोदून, मीठ-कोळसा घालून पत्रा पुरला, जाड वायर ओढली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. दिवा हिरवा. मामाजी म्हणाले, "सूनबाई, तुही गाडी आली म्हून घराले आर्थिंग भेटलं, नाहीतर तीस वर्सं कोनाले सुचलं नोतं." आता उन्हाळ्यात आम्ही जायच्या आदल्या दिवशी ते त्या खड्ड्यात पाणी घालून ठेवतात, कारण माती कोरडी पडली की आर्थिंग कमजोर होतं. सकाळी उठून मीटर बघतात आणि चहा पिता पिता जाहीर करतात की रात्रीतून गाडी किती युनिटं प्याली.

गावठाणाचा फीडर शेतीपेक्षा वेगळा असल्याने रात्री लाईट सहसा असते. व्होल्टेज कमी असतं. १८० च्या खाली गेलं की चार्जर थांबतो, वर आलं की बहुतेक वेळा स्वतःच सुरू होतो. चार्जिंगचा करंट गाडीतून कमी करता येत असेल तर खेड्यात करून ठेवावा. आणि एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचाच असेल तर चार एमएम तांब्याच्या वायरचा, स्वतः बनवून घेतलेला. कूलरचा पातळ बोर्ड रात्रभर तीन किलोवॉट ओढायला बनलेला नसतो, प्लास्टिक वितळतं.

चिखलदऱ्याची भीती मात्र फुकाची निघाली. परतवाड्याहून वर सातशे मीटरच्या आसपास चढ आहे. पावणेदोन टनांचं वजन तेवढं उचलायला सव्वातीन युनिटं लागतात, नुकसान धरून चार म्हणा. तेवढंच. त्यातलं निम्म्याहून जास्त उतरताना परत येतं आणि ब्रेकला पाय जवळपास लावावा लागत नाही. फक्त वर हॉटेलात शंभर टक्के भरून लगेच घाट उतरायला लागू नका. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज जायला जागाच नसते, त्यामुळे रिजन (पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि बॅटरी भरते, ते) मिळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. नव्वदला थांबावं.

रिजनवरून आमच्या घरात वाद आहे. मला तीव्र आवडतो, एका पेडलवर गाडी चालते. पण मागे बसलेल्या लेकीला गाडी लागते. पाय उचलला की हिसका, ठेवला की ढकला, वळणावळणांत पोरगी हिरवीपिवळी. ती असेल तेव्हा रिजन सर्वांत खालच्या पातळीवर. रेंजमध्ये पडणारा फरक उलटीच्या पिशवीपेक्षा स्वस्त आहे.

रोजच्या वापरातल्या विचित्र गोष्टी म्हणाल तर पहिली बारा व्होल्टची छोटी बॅटरी. मोठ्या बॅटरीत ७० टक्के असूनही एके सकाळी दार उघडेना, कारण कुलूप, स्क्रीन, सगळी जागृती या छोट्या बॅटरीवर. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपस्टार्ट केलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता. पंधरा-वीस दिवस गाडी उभी राहणार असेल तर याची सोय बघून जा. दुसरं, गाडीला आवाज नसल्याने गल्लीतली कुत्री उठत नाहीत आणि गाई तर मुळीच नाही. हळू वेगात गाडी एक बारीक सूर काढते, त्याला इतवारीत कोणी भीक घालत नाही. तिसरं, बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरावी. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे गाडीचा टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो आणि मग एखाद्या दिवशी अठराचे अचानक अकरा दिसतात.

खर्च. घरावर तीन किलोवॉटचं सोलर आहे, पीएम सूर्यघरमधून ७८,००० रुपये अनुदान मिळालं. दिवसाला सरासरी बारा युनिटं तयार होतात, माझी रोजची ये-जा पाच-सहा युनिटांत भागते. गाडी दिवसा ऑफिसात आणि ऊन दिवसा घरी, पण नेट मीटरमुळे (दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते) ते जुळतं. सोलर नसेल तर घरच्या मीटरवर वरचा स्लॅब लागतो का ते आधी बघा. ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मिळतं, ते बहुतेकांना परवडतं. बाहेर फास्ट चार्जिंगला सगळं धरून युनिटमागे वीस ते पंचवीस रुपये पडतात, म्हणजे हायवेवर किलोमीटरला साडेतीन ते चार. पेट्रोलच्या निम्मं, फुकट नव्हे. पीयूसी नाही. थर्ड पार्टी प्रीमियममध्ये १५ टक्के सूट आहे, पण स्वतःच्या गाडीच्या विम्याचा हप्ता बॅटरीच्या किमतीमुळे ती सूट सहज गिळतो.

सर्व्हिसिंगमध्ये ऑइल नाही, फिल्टर जवळपास नाहीत, बिल किरकोळ. वाचलेले पैसे टायरमध्ये जातात. गाडी जड, आणि पिकअप असा की सिग्नलला मोह आवरत नाही. त्यात समृद्धीचं सिमेंट मे महिन्यात तव्यासारखं तापतं. निघण्याआधी, टायर थंड असताना हवा बघणं हा आमच्याकडे आता नेम आहे. पुढचे दोन टायर यंदा होळीच्या आत बदलायचेत, आणि गाडीसोबत आलेल्या मापात हव्या त्या कंपनीचे सहज मिळत नाहीत, त्यामुळे आत्तापासूनच सांगून ठेवलंय.