इंजिन गेलं: समोर उतरावं की मागे वळावं?

सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानावर शिकणाऱ्या एका मुलीला उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर काय करावं, हे ठरवता येईना. नाक ताबडतोब खाली घ्यायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

उंची: समोर उतरायला ३०० फूटही पुरतात. मागे वळून धावपट्टीच्या रेषेत यायला मात्र १८० अंशांहून बरंच जास्त वळावं लागतं.

वेग: ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांना विमान पेलता येत नाही तो वेग, सुमारे १९ टक्के वाढतो. जमिनीलगत स्टॉल झाला तर सावरायला उंचीच उरत नाही. जीव जातात ते इथेच. शेतात विमान मोडेल, पण ताब्यात ठेवून कमी वेगात टेकवलं तर माणसं बहुधा वाचतात.

नवशिक्याने समोरच, थोडं डावी-उजवीकडे जागा पाहून उतरावं. पुरेशी उंची असेल आणि प्रशिक्षकासोबत या वळणाचा सराव झालेला असेल, त्यानेच मागे वळावं.